ठिणगीची पायरी

सभेला निघायच्या वेळेला खिशातलं पेन गळावं आणि शर्टाच्या छातीवर निळा डाग पसरावा, यात त्या माणसाची काही चूक नव्हती. चूक झाली ती पुढे, तोंड उघडल्यावर.

धावतपळत तो समोर दिसेल त्या लॉन्ड्रीत शिरला. ‘अर्जंट आहे हो,’ म्हणाला, आणि काउंटरवरच्या मावशींनी त्याला पडद्यामागे ढकलून अंगावरचा शर्ट काढायला लावला. थोड्याच वेळात साहेब स्टुलावर बसले होते, अंगाभोवती मावशींची शाल, आणि त्यांचा शर्ट खिडकीपाशी, डागांच्या टेबलावर, एका मुलीच्या हातात.

ती मुलगी म्हणजे ठिणगी. हे नाव मावशींनी ठेवलेलं. मावशी लॉन्ड्रीच्या मालकीण. ठिणगीच्या ना नात्याच्या ना गोत्याच्या, पण ती परकर नेसायच्या वयापासून या दुकानात लुडबुडत होती, आणि डाग काढायला बसली की भल्याभल्यांना बोलून जायची, म्हणून ठिणगी. त्या दिवशी तर सकाळपासून तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

झालं होतं असं की मावशींच्या गुडघ्यांनी आता पार संप पुकारला होता. दुकान ठिणगीच्या नावावर करायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दोघी नटूनथटून परवान्याच्या कचेरीत गेल्या, तर खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, ‘परवाना कुशल कामगाराला मिळतो. लॉन्ड्री कामगार अकुशल धरतात.’ मग दुकान कुणाला? तर मावशींच्या पुतण्याला. त्या पठ्ठ्याने उभ्या जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, पण त्याच्याकडे कसलासा डिप्लोमा होता, म्हणून तो कुशल. दुकान हातात आलं की धुलाई बंद करून तिथे मोबाइलची कव्हरं विकायची, हे तो आत्तापासूनच बोलून दाखवत होता. आता सांगा, माणसाने चिडायचं नाही तर काय करायचं?

तर अशा या मुलीने शर्टाखाली जुन्या चादरीची घडी सरकवली, कापसावर स्पिरिट घेतलं आणि डागाच्या कडेकडेने टिपायला सुरुवात केली. निळा रंग हळूहळू खालच्या घडीत उतरू लागला. स्टुलावरचा माणूस मान उंच करून बघत राहिला. आधी शर्टाकडे. मग… शर्ट धरणारीकडे.

‘कुठे असता तुम्ही?’ तिने सहज विचारलं.

‘सरकारी कामात. कामांच्या वर्गवारीचं ऑफिस आहे ना, तिथे. कुठलं काम किती कौशल्याचं, ते आम्ही ठरवतो. चार पायऱ्या असतात.’

कापूस थांबला.

‘अस्सं? मग मी कितव्या पायरीवर?’

इथे कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, ‘बघून सांगतो.’ पण हा पडला प्रामाणिक. म्हणाला, ‘लॉन्ड्री कामगार… पायरी एक. साधी, ठरावीक, अंगमेहनतीची कामं. म्हणजे तसं, अकुशल.’

ठिणगीने कापूस खाली ठेवला. शर्ट उचलला, नीट झटकला आणि त्याच्या हातात दिला. डाग अर्धा गेला होता, अर्धा होता.

‘अकुशल माणसाकडून एवढंच होतं,’ ती म्हणाली. ‘या आता.’

‘अहो, पण सभा आहे माझी –’

‘मग सांगा सभेत. म्हणावं, पायरी एकवर धुवायला दिला होता.’

मावशी ‘अगं गिऱ्हाईक आहे ते’ म्हणेपर्यंत तो अर्ध्या डागानिशी बाहेर पडलाही होता. जाताना मात्र दारात थबकून त्याने एकदा मागे वळून पाहिलं. रागाने नव्हे. ठिणगीला त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तोच शर्ट, पिशवीत.

‘राहिलेला अर्धा काढून मिळेल?’

‘सभेत काय म्हणाले?’

‘अध्यक्ष बाईंनी विचारलं, हे काय. मी जे झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मग लॉन्ड्रीचं काम शेवटचं नीट कुणी बघितलं होतं? कुणालाच आठवेना.’ त्याने मान खाली घातली. ‘यंदा वर्गवारी नव्याने होतेय. एका दुकानाची पाहणी करून अहवाल द्यायचाय. मी तुमचं नाव सुचवलंय. म्हणजे… तुमची हरकत नसेल तर.’

मावशींनी काउंटरखालून ठिणगीचा पाय दाबला. इतका जोरात की गुडघे दुखणाऱ्या बाईच्या पायात एवढी ताकद कुठून आली असं वाटावं. पायरी वर गेली की दुकान ठिणगीचं, एवढा सरळ हिशेब होता.

‘या,’ ठिणगी म्हणाली. ‘पण शाल मिळणार नाही.’

‘एक विचारायचं असतं सुरुवातीला,’ तो अडखळत म्हणाला. ‘नियम आहे. आपण नातेवाईक नाही ना? ज्याची पाहणी करायची त्याच्याशी नातं किंवा जवळीक असेल, तर अहवाल बाद होतो.’

‘देवाच्या कृपेने नाही आहोत.’

तेव्हापासून ती त्याला पाहणीवाला म्हणू लागली.

पाहणीचा आणखी एक नियम होता आणि तो भलताच चमत्कारिक होता. काम चालू असताना पाहणीवाल्याने तोंड उघडायचं नाही. बोलल्याने काम बदलतं म्हणे. तो सकाळी यायचा, स्टूल खिडकीपासून जरा लांब ओढायचा आणि बसायचा. खळीचा आंबूस वास, वाफेचे लोट, इस्त्रीची फुसफुस, आणि त्या सगळ्यातून टेबलाकडे लागलेले त्याचे दोन डोळे. ठिणगीला सुरुवातीला नकोसं झालं. मग तिला त्यातली गंमत कळली. हा माणूस उत्तर देऊ शकत नाही, म्हणजे याला वाट्टेल ते विचारता येतं.

‘घरी कुणी शर्टाचे खिसे तपासणारं नाही का हो?’ ती कॉलर घासता घासता विचारायची. तो गप्प.

‘लग्न झालंय की कुणी उभं केलं नाही?’ गप्प. कान मात्र लाल.

‘आणि ही मिशी कुणी सुचवली? ऑफिसने?’

मावशी तोंडाला पदर लावायच्या. तो खाली मान घालून लिहीत राहायचा.

दुपारी शटर अर्धं खाली आलं, डबे उघडले, की नियम संपला. तेव्हा त्याने घसा खाकरला.

‘पहिल्या प्रश्नाचं उत्तर – नाही, कुणी नाही. दुसऱ्याचं – झालेलं नाही, आणि अजून मीच कुणाला विचारलेलं नाही. तिसऱ्याचं – मिशी मला शोभत नाही, हे मला माहीत आहे. पण आईला आवडते.’

ठिणगीच्या हातातला घास हातातच राहिला. सगळे प्रश्न याने ओळीने लक्षात ठेवले होते. तिला हसू फुटलं आणि मग हसू फुटल्याचा राग आला.

त्यानंतर दुपार हीच दिवसातली खरी वेळ झाली. भांडायची.

‘ही तुमची पायऱ्यांची भानगड मुळात हवीच कशाला?’ ती विचारायची. ‘माणसं म्हणजे काय जिना आहेत?’

‘नसती तर काय झालं असतं, सांगू?’ तो डबा बाजूला ठेवायचा. इथे मात्र तो अडखळायचा नाही. ‘ज्याचा काका मोठा, त्याचं काम मोठं. ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, त्याच्यासाठी कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून ही वर्गवारी.’

‘लिहिलंय की. अकुशल म्हणून लिहिलंय.’

‘चुकीचं लिहिलंय. ते बदलायलाच आलोय ना मी.’

‘उपकार झाले. शाळेत किती वर्षं बसलो यावरून हातांची किंमत ठरवता, आणि वर समजूत घालता.’

तो यावर भांडायचा नाही. नुसता बघायचा. आणि कोण जाणे कसं, पण ते बघणं पाहणीतलं नसायचं.

याचा परिणाम व्हायचा तो झालाच. एका सकाळी कुणाच्या तरी साखरपुड्याचा रेशमी दुपट्टा तिच्या इस्त्रीखाली होता. ती वर बघायला आणि तो वर बघायला एकच गाठ पडली. नजर काढून घ्यावी म्हटलं तर निघेना. मग जळका वास आला.

‘झालं समाधान?’ ती कडाडली. दुपट्ट्याच्या टोकाला बोटभर पिवळा चट्टा पडला होता. ‘आजवर माझ्या हातून एक कापड करपलं नव्हतं. लिहा आता. लिहा, अकुशल आहे म्हणून.’

तो नियम मोडून बोलला. ‘लिहावं तर लागेल. पण कारणही लिहावं लागेल.’

‘काय कारण?’

‘पाहणीवाला बघत होता.’

पडद्यामागून मावशींचं खोकणं ऐकू आलं. ठिणगीने इस्त्री उभी केली आणि पाठ फिरवली. तोंड तापलं होतं, ते वाफेने असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. दुपट्टेवालीची माफी मात्र दुसऱ्या दिवशी तिनेच मागितली, आणि तेवढा काठ कापून नवी किनार लावून दिली.

घरी वहिनीने एका फटक्यात ओळखलं. ‘आजकाल केस दोनदा विंचरून जातेस. डागांना आवडतं वाटतं?’

‘गप गं. सरकारी माणूस आहे तो.’

‘मी कुठे म्हटलं कुणी आहे म्हणून?’ वहिनी म्हणाली, आणि ठिणगीला चादर डोक्यावरून ओढून घ्यावीशी वाटली.

पाहणीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. दोघं बस-थांब्यापर्यंत एका छत्रीतून चालत गेली. त्याचा एक खांदा पूर्ण भिजला होता, कारण छत्री तिच्याकडे कललेली होती.

‘मला… तुम्हाला एक सांगायचं होतं,’ तो थांब्यावर म्हणाला. ‘पण अहवाल… म्हणजे आत्ता जर मी –’

‘काय?’

‘काही नाही. तुमची बस आली.’

छत्री तिच्या हातात देऊन तो पावसात चालू लागला. आणि मग तो आलाच नाही.

एक आठवडा गेला, दुसराही गेला. ना फोन, ना शर्ट. ठिणगीने छत्री दाराआड उभी करून ठेवली होती. एकदा बाजारात तिला तो पलीकडच्या फुटपाथवर दिसला, ऑफिसातल्या लोकांबरोबर. तिने हात वर केला. त्याने पाहिलं, नक्की पाहिलं. आणि मान वळवून घेतली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे होतं तर. डबा खायला आम्ही, भांडायला आम्ही, आणि चारचौघांत दिसायला मात्र पायरी एकची मुलगी चालत नाही. रात्री उशीत तोंड खुपसून ती रडली, आणि रडताना त्या अख्ख्या ऑफिसला शिव्या घालत राहिली.

इकडे पुतण्या रोज चकरा मारू लागला होता. दुकानाची लांबीरुंदी मोजून गेला. मावशी ‘सुनावणी होऊ दे रे’ म्हणून त्याला थोपवत होत्या, पण त्यांच्याही आवाजातला जोर कमी होत चालला होता.

सुनावणीचा दिवस उजाडला. लांबलचक टेबल, पलीकडे समिती, मधोमध चष्मा नाकावर उतरवलेल्या अध्यक्ष बाई. ठिणगी आणि मावशी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. पाहणीवाला उभा राहिला. तिच्याकडे न बघता त्याने अहवाल वाचायला घेतला.

आणि तो काय वाचत होता. कापड हातात घेऊन त्याचा स्वभाव ओळखणं. काय आधी, काय नंतर, काय मुळीच नाही, ते क्षणात ठरवणं. गिऱ्हाइकाने लपवलेलं डागाचं कारण त्याच्या तोंडून काढून घेणं. चुकलं तर पुन्हा न येणारी वस्तू रोज हाताळायची जबाबदारी. एक दुपट्टा करपला, हेही त्याने वाचलं. शेवटी म्हणाला, ‘हे काम अकुशल नाही. माझी शिफारस पायरी तीन.’

समितीत माना हलल्या. मावशींनी ठिणगीचा हात घट्ट धरला. तीन. एवढं वर तर दोघींनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

‘छान,’ अध्यक्ष बाई कागद सारत म्हणाल्या. ‘शेवटचं, नेहमीचं. पाहणी केलेल्या व्यक्तीशी तुमचं नातं वा जवळीक नाही ना?’

तो अहवालाची पानं सारखी करू लागला.

‘अहो?’

‘आहे,’ तो म्हणाला. ‘म्हणजे… माझ्या बाजूने आहे. त्यांच्या बाजूचं मला माहीत नाही.’

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. ‘बाई, तुम्हीच सांगा. असं काही आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर याला एकतर्फी म्हणून सोडून देता येईल. अहवाल राहील. हो म्हणालात तर बाद.’

मावशींनी दात आवळून सांगितलं, ‘नाही म्हण. घरी जाऊन काय ते बघ.’

नाही म्हणायला काही हरकत नव्हती. खोटंही नव्हतं तसं. कुणी कुणाला काही बोललं होतं का? एक शब्द, आणि दुकान तिचं. ठिणगी उठून उभी राहिली.

‘यांनी मला आजवर काही विचारलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘मलाही हे आत्ता तुमच्याबरोबरच कळतंय.’

कुणीतरी हसलं. ‘मग नाही लिहू?’ बाईंनी विचारलं.

‘थांबा जरा.’ ती त्याच्याकडे वळली. ‘इतके दिवस होतास कुठे?’ तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही. ‘मला बघून तोंड फिरवलंस बाजारात.’

‘तुझ्याशी बोललो असतो तर सगळं सांगून बसलो असतो. मग तुझी पायरी गेली असती. म्हटलं, आधी अहवाल होऊ दे, मग येईन. पण आज विचारल्यावर… तुझ्या नावाखाली खोटं घालवेना.’

‘आणि मी काय समजायचं? मला वाटलं, तुला लाज वाटते माझी.’

‘लाज?’ त्याचा आवाज फाटला. ‘तुझी?’

‘मला एकदा विचारायचंस तरी. माझं दुकान, माझं काम, माझं मन, आणि ठरवणार सगळे दुसरेच. आधी यांचं ऑफिस, मग तू.’

‘चुकलो,’ तो म्हणाला. ‘आता विचारू?’

‘बाई,’ अध्यक्ष बाई म्हणाल्या, पण त्यांचाही स्वर मवाळ झाला होता, ‘हो की नाही, एवढंच लिहायचंय मला.’

ठिणगीने मावशींकडे पाहिलं. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला होता, पण डोळे पाणावले होते.

‘हो लिहा,’ ती म्हणाली. ‘आहे. माझ्या बाजूनेही आहे. पण आणखी एक ऐका. माझं काम यांनी लिहिलं म्हणून चांगलं झालेलं नाही. यांचा कागद फाडलात तरी माझे हात तेच राहणार. दुसरा माणूस पाठवा, ज्याला मी आवडत नसेन असा. आणि तो तुमचा शब्द, अकुशल. टेबलामागे बसून लिहिता तो. एकदा कुणाच्या समोर उभं राहून, डोळ्यांत बघून म्हणून दाखवा. यांनी म्हटला होता, म्हणून अर्ध्या डागाचा शर्ट घालून फिरावं लागलं.’

तेव्हा मात्र अध्यक्ष बाई खळखळून हसल्या. अहवाल त्यांनी बाद केला तो केलाच.

दुसरा माणूस आला तो मफलर गुंडाळलेला, वयस्कर, घुम्या. त्याने ठिणगीच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही, फक्त हातांकडे. तोवर मावशी पुतण्याला दारातूनच वाटेला लावत होत्या. आणि एका सकाळी निकाल लागला. पायरी दोन. कुशल.

परवाना मिळणार होता. दुकान ठिणगीचं झालं होतं. मावशी कचेरीच्या पायऱ्यांवर बसून आनंदाने रडत होत्या. आणि ठिणगी? ठिणगी धुमसत होती.

‘दोन,’ ती पाहणीवाल्याला म्हणाली. ‘तू तीन लिहिली होतीस.’

‘हो.’

‘मग खरं सांग. ती पायरी कामाला दिली होतीस की मला?’

तिला वाटलं, आता गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. नेली असती तर तिने तिथेच त्याला सोडलं असतं.

‘मला कळत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘अजूनही कळत नाही. म्हणून तर त्या दिवशी नाही म्हणवलं नाही.’

ठिणगीचा राग जरा हलला. गेला नाही, पण हलला.

‘मग अपील करायचं,’ ती म्हणाली. ‘तिसरा माणूस मागायचा. मला दोनवर गप्प बसायचं नाहीये. आणि माझ्यानंतर जी कुणी त्या टेबलावर बसेल, तिनेही दोनवर का राहावं?’

‘मला काही लिहिता येणार नाही हं त्यात. मी आता नातेवाईक.’

‘तू नुसता बरोबर चल.’

ती अजून रागातच होती. रागातच तिने त्याचा हात धरला, आणि अपिलाची खिडकी कितव्या मजल्यावर आहे ते विचारायला दोघं परत आत गेली.